व्हान्ट हॉफचे पुठ्ठ्याचे रेणू



शाळेच्या दिवसांतली एक व्यक्ती निवडून तिच्याविषयी लिहा, असा निरोप स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून आला. बाकीच्यांनी आपल्या शिक्षकांविषयी, शिपाईमामांविषयी, डबा वाटून खाणाऱ्या मित्रांविषयी लिहिले असणार. मी निवडलेला माणूस आपल्या शाळेत कधी आला नाही. तो १९११ सालीच वारला. पण अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आपण सर्वांनी त्याचे नाव उत्तरपत्रिकेत लिहिले आणि त्याबद्दल गुणही मिळवले. द्रावणांच्या धड्यातला व्हान्ट हॉफ घटक आठवतो का? तोच हा याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ, हॉलंडचा रसायनशास्त्रज्ञ. गंमत अशी, की रेणूंचे आकार आपण ज्या धड्यात शिकलो तिथे त्याची आणि आपली गाठ पडलीच नाही. रेणूला आकार असतो हे ठामपणे सांगणारा मात्र तोच होता.

मी औषधांच्या गुणवत्ता-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. या माणसाने बाविसाव्या वर्षी मांडलेल्या एका कल्पनेवर माझे पोट चालते. म्हणून त्याचे चरित्र मी आवडीने वाचले. ते तुम्हाला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल.

आधी आपला वर्ग आठवू. फळ्यावर कार्बनचा एक सी आणि त्याला चार बाजूंनी चार रेघा. अधिकच्या चिन्हासारखे दिसणारे मिथेन आपण दहावीपासून काढत होतो. अकरावीत आकारांचा तक्ता आला. रेषीय, कोन १८० अंश. प्रतलीय त्रिकोणी, १२० अंश. चतुष्फलकीय, १०९.५ अंश. अष्टफलकीय, ९० अंश. अमोनिया १०७, पाणी १०४.५. हा तक्ता आपण पाढ्यासारखा घोकला. सरांनी एक दिवस चार फुगे फुगवून त्यांची तोंडे एकत्र बांधली, तेव्हा ते फुगे आपोआप चार दिशांना ताणून बसले. एकमेकांपासून होईल तितके लांब राहायचे, एवढाच त्यांचा नियम. फुगे म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, असे सरांनी सांगितले. वर्ग खूश झाला. पण मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, की अणू दिसत नाहीत, रेणू दिसत नाहीत, मग हा १०९.५ अंशांचा कोन मोजला कोणी? सरांनी तिला गप्प केले नाही. उत्तर अभ्यासक्रमात नाही, ज्यांना हवे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबावे, असे ते म्हणाले. आम्ही सहा-सात जण थांबलो. तिथे काय झाले ते योग्य ठिकाणी सांगतो, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच व्हान्ट हॉफची गोष्ट आहे.

सुरुवातीला मी त्याला एकेरीतच संबोधणार आहे. ज्या वयात त्याने हे काम केले, त्या वयाची आपली मुले आज नोकरी शोधत आहेत.

त्याचा जन्म ३० ऑगस्ट १८५२ रोजी रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. वडील डॉक्टर, घरात सात भावंडे, त्यांत हा तिसरा. हॉलंडमध्ये १८६३ साली शिक्षणाचा नवा कायदा झाला होता आणि त्यातून नव्या धर्तीच्या माध्यमिक शाळा निघाल्या होत्या. या शाळांत लॅटिन-ग्रीकला फाटा दिला होता आणि गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व आधुनिक भाषा मन लावून शिकवल्या जात. शाळेत स्वतंत्र प्रयोगशाळा असे. अशाच एका शाळेत याकोबस शिकला. एर्न्स्ट कोहेन या त्याच्या विद्यार्थ्याने पुढे त्याचे चरित्र लिहिले. त्यात एक हकीगत येते. रविवारी शाळा बंद असताना हा मुलगा खिडकीतून प्रयोगशाळेत उतरायचा आणि ज्या रसायनांना हात लावायचा नाही, नेमकी तीच घेऊन प्रयोग करायचा. एकदा पकडला गेला. तक्रार वडिलांकडे गेली. वडिलांनी रागावण्याऐवजी घरातच त्याला प्रयोगांसाठी जागा करून दिली. (आपल्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना गज होते, म्हणून आपल्या तुकडीतून कोणी व्हान्ट हॉफ निघाला नाही, असे समाधान आपण करून घेऊ.)

रसायनशास्त्र शिकून पोट भरेल का, ही शंका तेव्हाच्या आईवडिलांनाही होती. म्हणून १८६९ साली त्याला डेल्फ्टच्या तंत्रशाळेत घातले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला. सुट्टीत एका साखर कारखान्यात काम केले आणि तेच तेच मोजमाप रोज करत बसणे आपल्याला जमणार नाही, हे त्याला तिथे कळले. मग लायडनला जाऊन गणित शिकला. तिथून जर्मनीत बॉनला केकुले यांच्याकडे आणि पुढे पॅरिसला वुर्ट्झ यांच्याकडे. हे दोघेही त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ. याच वर्षांत तो बायरनच्या कवितांच्या नादी लागला होता आणि स्वतःही कविता करत होता. ही बाब लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता त्या काळची अडचण पाहू. कार्बन चार हातांनी चार अणूंना धरतो, हे केकुले यांनी १८५८ साली मांडले होते. तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञ रेणूंची चित्रे कागदावर काढू लागले. कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, एवढेच त्या चित्रांतून सांगायचे असे. प्रत्यक्षात अणू कसे मांडलेले असतात, हा प्रश्न विचारणेच बहुतेकांना निरर्थक वाटे. जे दिसत नाही त्याच्या आकाराविषयी कशाला बोलायचे?

पण काही पदार्थ या चित्रांना दाद देत नव्हते. लॅक्टिक आम्ल घ्या. दूध आंबले की ते तयार होते आणि प्राण्यांच्या स्नायूंतही ते सापडते. दोन्हींतले अणू तेच, जोडणीही तीच. कागदावर चित्र काढले तर एकच निघते. तरी स्नायूंतल्या आम्लाचे द्रावण एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाला वळवते आणि दुधातले वळवत नाही. हा प्रकाश म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, ध्रुवित प्रकाश. माझ्या टेबलावरच्या यंत्रात मी रोज हेच करतो. नळीत औषधाचे द्रावण भरायचे, त्यातून असा प्रकाश सोडायचा आणि त्याचे प्रतल डावीकडे फिरले की उजवीकडे, किती अंशांनी फिरले, ते वाचायचे. लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने एकेक वेचून दोन ढीग केले होते. एका ढिगातले स्फटिक दुसऱ्या ढिगातल्यांचे आरशातले प्रतिबिंब होते. एकाचे द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचे डावीकडे. म्हणजे डावे-उजवेपण रेणूतच असणार, हे पाश्चर यांना कळले होते. पण रेणूत नेमके कुठे, ते कोणी सांगू शकत नव्हते. योहानेस विस्लिसेनस या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ साली लॅक्टिक आम्लावर काम करून असे मत दिले, की जोडणी तीच असेल तर फरक अणूंच्या अवकाशातल्या मांडणीत असला पाहिजे. मांडणी कशी, ते मात्र तेही सांगू शकले नाहीत.

व्हान्ट हॉफ १८७४ साली पॅरिसहून युट्रेख्टला परत आला होता. ग्रंथालयात विस्लिसेनस यांचा निबंध वाचत असताना तो अर्ध्यावर सोडून तो फिरायला बाहेर पडला आणि त्या फेरफटक्यात त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. कार्बनचे चार हात एका पातळीत नसतात. ते चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात आणि कार्बन मधोमध असतो. बस्स, एवढीच ती कल्पना.

इथे शनिवारची प्रयोगशाळा आली पाहिजे. सरांनी आम्हाला बटाटे आणि काडेपेट्या दिल्या. बटाटा हा कार्बन. गूल असलेल्या दोन काड्या म्हणजे क्लोरीन, गूल मोडलेल्या दोन म्हणजे हायड्रोजन. हा झाला डायक्लोरोमिथेनचा रेणू. आधी चारही काड्या सपाट, अधिकच्या चिन्हासारख्या खोचायला सांगितल्या. मग विचारले, किती वेगवेगळ्या प्रकारांनी खोचता येतात? दोन. क्लोरीन शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर. म्हणजे रेणू सपाट असेल तर जगात दोन प्रकारचे डायक्लोरोमिथेन मिळायला हवे, दोन वेगवेगळ्या उत्कलनबिंदूंचे. सरांनी कपाटातली बाटली दाखवली. एकच. दुसरे कोणालाही कधी मिळालेले नाही. मग काड्या चतुष्फलकाच्या दिशांनी खोचायला लावल्या. आता कोणत्याही दोन जागी क्लोरीन खोचा, बटाटा फिरवला की रेणू तोच. प्रकार एकच. बाटलीही एकच.

पुढची पायरी चार वेगवेगळ्या गटांची. काड्यांना चार रंग दिले. सपाट मांडणीत तीन प्रकार होतात, पण त्यांत डावे-उजवे असे काही नसते, कारण सपाट आकृती उलटली की तिचे प्रतिबिंब तीच होते. चतुष्फलकात मात्र नेमके दोनच प्रकार होतात आणि ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, तसे ते एकमेकांवर कितीही फिरवले तरी बसत नाहीत. लॅक्टिक आम्लातल्या मधल्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत. स्नायूंत त्यातला एक प्रकार असतो. आंबलेल्या दुधात सापडलेले आम्ल म्हणजे दोन्हींचे समसमान मिश्रण, म्हणून एकाचे वळवणे दुसरा रद्द करतो. कोडे सुटले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. कोन प्रथम कोणी मोजला नाही. किती प्रकारचे पदार्थ मिळतात ते मोजले आणि तेवढेच प्रकार देणारी आकृती शोधली. ती नियमित चतुष्फलक असेल तर कोन १०९.५ अंश येतो, हे भूमितीचे गणित झाले. व्हान्ट हॉफने हेच केले होते, बटाट्यांशिवाय.

सप्टेंबर १८७४ मध्ये त्याने डच भाषेत बारा-एक पानांची पुस्तिका स्वखुशीने छापून काढली. तेव्हा त्याचे वय २२ वर्षे होते आणि डॉक्टरेट अजून मिळाली नव्हती. डिसेंबरमध्ये ती मिळवली, पण प्रबंधासाठी ही धाडसी कल्पना न घेता सायनोॲसिटिक आणि मॅलॉनिक आम्लांचा बिनधोक विषय घेतला. व्यवहार त्यालाही कळत होता. पॅरिसच्या प्रयोगशाळेतला त्याचा सहकारी जोसेफ ल बेल याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जवळजवळ हीच कल्पना स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. दोघांनी वाद घातला नाही. आजही या कल्पनेला दोघांचीही नावे देतात.

पुस्तिका छापली आणि पुढे काहीच झाले नाही. डच भाषा बाहेर वाचणार कोण? नवा डॉक्टर नोकरी शोधत होता. मनासारखी जागा मिळेना, तेव्हा युट्रेख्टमध्ये खासगी शिकवण्या करून राहिला. १८७५ साली त्याने हीच कल्पना वाढवून फ्रेंचमध्ये पुस्तक काढले. नावाचा अर्थ, अवकाशातले रसायनशास्त्र. युट्रेख्टचे हवामानशास्त्रज्ञ बाईस बॅलट यांनी खुले पत्र लिहून त्याची बाजू घेतली. १८७६ साली तिथल्याच पशुवैद्यक शाळेत त्याला नोकरी मिळाली.

याच काळात त्याने केलेली गोष्ट मला सर्वांत आवडते. लोकांना चित्रे पाहून पटत नाही हे त्याच्या लक्षात आले. म्हणून त्याने पुठ्ठा कापून, दुमडून, चिकटवून छोटे चतुष्फलक तयार केले, त्यांना रंग दिले आणि त्यांचे संच ओळखीच्या रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. घ्या हातात, फिरवून पाहा. दोन चतुष्फलक एका टोकाला जोडले तर ते फिरतात आणि एका कडेने जोडले तर फिरू शकत नाहीत. मॅलेइक आणि फ्युमॅरिक या दोन आम्लांतला फरक त्याने या कडेच्या जोडणीनेच समजावला. असे काही पुठ्ठ्याचे रेणू लायडनच्या बूरहावे संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

विस्लिसेनस यांना ही कल्पना पटली. स्वतः नामांकित असूनही या अनोळखी मुलाच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद त्यांनी फेलिक्स हेरमान या आपल्या साहाय्यकाकडून करवून घेतला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. तो १८७७ साली प्रसिद्ध झाला आणि मग वादळ उठले. लाइपझिगचे हेर्मान कोल्बे हे त्या काळचे दिग्गज. मूलद्रव्यांपासून सुरुवात करून ॲसिटिक आम्ल तयार करण्याचे श्रेय त्यांचे आणि सॅलिसिलिक आम्लाची कृतीही त्यांचीच. त्यांच्या हातात एक मोठे नियतकालिक होते. त्यात त्यांनी या पुस्तकाची अशी टर उडवली, की पशुवैद्यक शाळेत नोकरी करणाऱ्या या माणसाला काटेकोर संशोधनाची आवड दिसत नाही. बहुधा त्याच शाळेतला पंखवाला घोडा उसना घेऊन तो अवकाशात उडाला आणि अणू कसे मांडले आहेत ते वरून पाहून आला. विस्लिसेनस यांनी अशा माणसाची पाठराखण करावी, याचेही त्यांनी आश्चर्य व्यक्त केले.

मित्रहो, हे वाचताना मला कोल्बे यांचा राग येत नाही, भीती वाटते. ते मूर्ख नव्हते. फार मोठे प्रयोगकार आणि अनेक विद्यार्थी घडवणारे शिक्षक होते. न दिसणाऱ्या गोष्टींविषयी बेलगाम कल्पना लढवून रसायनशास्त्राची हानी होईल, ही त्यांची काळजीही प्रामाणिक होती. तरी त्यांनी पुस्तकातला हिशेब तपासला नाही. माणूस कुठल्या शाळेत नोकरी करतो ते पाहिले. मोठ्या माणसाच्या एका कुत्सित शेऱ्याने पंचविशीतला मुलगा कायमचा गप्प होऊ शकतो. असे किती गप्प झाले, याची नोंद कुठल्याच चरित्रात नसते.

हा गप्प झाला नाही. १८७७ साली ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात व्याख्याता आणि १८७८ साली, २६व्या वर्षी, रसायनशास्त्र, खनिजशास्त्र व भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी योहाना फ्रान्सिना मेस हिच्याशी त्याचे लग्न झाले. प्राध्यापक झाल्यामुळे इथून पुढे त्यांना आपण अहो-जाहो करू.

प्राध्यापकपदाची सूत्रे घेताना भाषण करण्याची तिथे रीत होती. व्हान्ट हॉफ यांनी विषय घेतला, विज्ञानातील कल्पनाशक्ती. उडत्या घोड्याला दिलेले हेच त्यांचे उत्तर. त्यासाठी त्यांनी सुमारे २०० शास्त्रज्ञांची चरित्रे चाळली होती. त्यांतल्या बऱ्याच थोर शास्त्रज्ञांना कविता, चित्रकला, संगीत असे काही ना काही अंग होते, हे त्यांनी दाखवून दिले. न दिसणारी गोष्ट मनासमोर उभी करण्याची शक्ती संशोधकाला लागतेच, असा त्यांचा मुद्दा होता. कोल्बे यांना शिवी न देता, त्यांनी ज्या गोष्टीची थट्टा केली तीच विज्ञानाची गरज आहे, हे त्यांनी शांतपणे मांडले.

पुढची अठरा वर्षे ते ॲमस्टरडॅमला होते आणि तिथे त्यांनी जे केले, ते आपल्या बारावीच्या पुस्तकात पानोपानी आहे. १८८४ साली अभिक्रियांचा वेग आणि समतोल यांवर त्यांचा ग्रंथ आला. समतोल दाखवण्यासाठी आपण जे दोन उलटसुलट बाण काढतो, ती खूण त्यांनी रूढ केली. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस हे त्यांचे सहकारी. त्यांच्याकडून त्यांना फेफर यांनी केलेली परासरण दाबाची मोजमापे कळली. त्या आकड्यांवरून, विरल द्रावणातला पदार्थ वायूच्या नियमांप्रमाणे वागतो हे त्यांनी दाखवले. काही क्षारांचे आकडे जुळेनात म्हणून समीकरणात एक गुणक घातला. तोच आपला व्हान्ट हॉफ घटक. १८८७ साली ओस्टवाल्ड यांच्यासह त्यांनी भौतिक रसायनशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. १८९६ साली शिकवण्याच्या ओझ्याला कंटाळून ते बर्लिनला गेले. तिथे व्याख्याने थोडी आणि संशोधनाला वेळ भरपूर होता. स्टासफुर्टच्या मिठाच्या खाणींतले थर कसे तयार झाले, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला.

१९०१ साली नोबेल पारितोषिके सुरू झाली. रसायनशास्त्राचे पहिले पारितोषिक व्हान्ट हॉफ यांना मिळाले, पण रासायनिक गतिकी आणि परासरण दाबाच्या नियमांसाठी. चतुष्फलकाचा त्या निवडीच्या कारणात उल्लेख नाही.

क्षयाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झ इथे, ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१३ साली, ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना उलगडली. हिऱ्यातला प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांच्या बरोबर मधोमध बसलेला, चतुष्फलकात. कोन आता खरोखर मोजला गेला. विशिष्ट प्रकारचे रेणू डावे-उजवे असतील, हे व्हान्ट हॉफ यांचे १८७५चे एक भाकीत तर १९३५ साली प्रयोगाने खरे ठरले. कोल्बे १८८४ सालीच वारले होते. लाइपझिगच्या त्यांच्या जागेवर पुढच्या वर्षी कोणाची नेमणूक झाली असेल? विस्लिसेनस यांची.

आपण शिकलो ती फुग्यांची, म्हणजे इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या प्रतिकर्षणाची गोष्ट फार नंतरची. ती गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ साली व्यवस्थित मांडली. व्हान्ट हॉफ यांच्या पुस्तिकेच्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. म्हणजे आकार आधी कळला आणि कारण पाऊणशेहून अधिक वर्षांनी. आपल्या वर्गात क्रम उलटा होता. कारण पहिल्या तासाला, कोन दुसऱ्या तासाला, तिसऱ्या तासाला चाचणी. हे सगळे कशावरून, हा प्रश्न मधल्या मध्ये राहून गेला. तो विचारणारी एक मुलगी वर्गात होती आणि तिला शनिवार देणारे सर होते, हे आपले भाग्य. सरांचे नाव लिहिले तर ते संकोचतील, म्हणून लिहीत नाही. ते समोरच्या रांगेत बसलेले असतील.

डावे-उजवे कळून आपल्याला काय मिळाले, असे कोणी विचारील. आपल्या वयात थायरॉइडची गोळी घेणारे बरेच असतील. तिच्या वेष्टनावर लिव्होथायरॉक्सिन असे नाव असते. सर्दीच्या गोळीत लिव्होसेट्रिझिन असते. लिव्हो म्हणजे डावा. रेणूचा एकच हात निवडून ती गोळी केलेली असते, कारण आपल्या शरीरातले रेणूही एकाच हाताचे असतात. गोळी घ्यायची नसेल तर स्वयंपाकघरात जा. बाळंतशेपेच्या वासात कार्वोन नावाचा रेणू असतो आणि पुदिन्याच्या एका जातीच्या वासातही कार्वोनच असतो. सूत्र तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याचे प्रतिबिंब. कागदावरच्या सपाट चित्राला हा फरक दिसत नाही, पण आपल्या नाकाला कळतो.

आता शेवटी सांगायचे ठेवलेले कारण. मेळाव्यानिमित्त शाळेला मोठा डिजिटल फळा द्यावा, असे आपल्या गटावर ठरत आले आहे. माझा विरोध नाही, माझा वाटा मी देणारच आहे. त्यावर रेणू छान फिरताना दिसतील. पण दोन चतुष्फलक एकमेकांवर बसत नाहीत, हे पडद्यावर फक्त पाहता येते. बसवायचा प्रयत्न करून हरण्याची मजा हातात वस्तू असेल तरच येते. आपल्यापैकी कितीतरी जणांनी बारावीनंतर विज्ञान सोडले, कारण रसायनशास्त्र म्हणजे पाठांतर, अशी त्यांची खात्री झाली होती. ती मुले हुशार नव्हती असे नाही. त्यांना शनिवार मिळाला नाही.

म्हणून माझी सूचना आहे, की त्याच निधीतून रेणूंच्या प्रतिकृतींचे संच घ्यावेत, दोन विद्यार्थ्यांत एक याप्रमाणे. तेवढे पैसे उरले नाहीत तर रंगीत कार्डशीट, कात्री आणि गोंद. कृती सोपी आहे. समभुज त्रिकोण कापा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू घ्या आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवर दुमडा. त्रिकोणाची तिन्ही टोके वर एका बिंदूत मिळतात, म्हणून त्या तिन्हींना एकच रंग द्या. तीन मध्यबिंदूंना तीन वेगळे रंग द्या. दुसरा तसाच करा, फक्त मध्यबिंदूंच्या रंगांपैकी दोनांची अदलाबदल करा. झाले, डावा आणि उजवा रेणू तयार. मेळाव्याच्या दिवशी मी कार्डशीट घेऊन येतो आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर जूनपासून महिन्यातला एक शनिवार सध्याच्या अकरावीला देण्याची माझी तयारी आहे. आणखी कोणी येणार असेल तर नाव कळवा. कात्र्या कमी पडतील, आपापली आणा.